होरॅशिओची मोटार आणि क्रॉकरचा पाना

मोटारगाडी म्हणजे श्रीमंतांचं चार दिवसांचं खूळ, ते काही टिकायचं नाही, असं १९०३ साली अमेरिकेतली भली भली माणसं खात्रीने सांगत. त्या वर्षीच्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी क्लबात हाच विषय निघाला. मंडळींतला एकजण अडून बसला की मोटारीने आख्खा देश ओलांडता येईल, थेट न्यूयॉर्कपर्यंत. पैज लागली ५० डॉलरची. अडून बसणाऱ्याचं नाव डॉ. होरॅशिओ नेल्सन जॅक्सन, वय ३१, राहणार व्हरमाँट. क्षयाच्या दुखण्यामुळे त्याने डॉक्टरकी सोडली होती. बायको बर्था गडगंज घरची, त्यामुळे पोटापाण्याची काळजी नव्हती. पण प्रवासाच्या दृष्टीने अडचण अशी की पैज लावली तेव्हा या प्रवासासाठी त्याच्याकडे गाडी नव्हती, आणि चालवण्याचे धडेही नुकतेच सुरू झाले होते.

मग त्याने दोन गोष्टी केल्या. ३००० डॉलर मोजून विंटन कंपनीची एक वापरलेली गाडी घेतली आणि स्यूअल क्रॉकर नावाचा विशीतला एक मेकॅनिक पगारावर सोबत घेतला. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती, असं माझं मत आहे. ते का, हे पुढे येईलच.

या प्रवासावर केन बर्न्स या अमेरिकी दिग्दर्शकाने २००३ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, ‘होरॅशिओज ड्राइव्ह’ नावाचा माहितीपट केला. लेखन डेटन डंकन यांचं, जॅक्सनच्या पत्रांना आवाज टॉम हँक्सचा. गंमत अशी की या प्रवासाचं चलच्चित्रण झालेलंच नव्हतं. तसा कॅमेरा जगात आलेला होता. आपल्या मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १९०१ मध्येच रँग्लर र. पु. परांजपे विलायतेहून परतले त्या स्वागताचं चित्रण केलं होतं. जॅक्सनकडे मात्र साधा कोडॅक होता, स्थिर फोटो काढणारा. त्याने वाटेत फोटो काढले आणि बायकोला पत्रं लिहिली. घरच्यांनी ती पत्रं जपून ठेवली. बर्न्सचा सगळा चित्रपट या दोन गोष्टींवर उभा आहे. एका जुन्या फोटोवरून कॅमेरा हळूहळू सरकतो, चाकावरून चिखलाकडे, चिखलावरून माणसाच्या चेहऱ्याकडे, आणि मागे पत्र वाचलं जातं. फोटो हलत नाही, पण आपल्याला गाडी हलल्यासारखी वाटते. ही पद्धत आता इतकी रुळली आहे की फोटोंचा व्हिडिओ बनवणाऱ्या संगणकाच्या प्रणालींमध्ये ती बर्न्सच्याच नावाने मिळते.

२३ मे १९०३ ला गाडी निघाली. वीस अश्वशक्तीचं दोन सिलिंडरचं इंजिन सीटखाली, ताकद मागच्या चाकांना साखळीने पोचणार, वर छप्पर नाही, समोर काच नाही. जॅक्सनने तिचं नाव ठेवलं व्हरमाँट. सामानात झोपायच्या पिशव्या, रबरी कपडे, कुऱ्हाड, फावडं, बंदुका, स्वयंपाकाची भांडी आणि कप्पी-दोर. पहिले काही मैल जातात न जातात तोच टायर फुटला. जादा टायर एकच होता, तो तिथेच खर्ची पडला.

त्या काळी अमेरिकेत शहरं सोडली तर पक्के रस्ते जवळपास नव्हतेच. सगळ्या देशात मिळून दीडशे मैलही भरत नव्हते असं सांगतात. शेताच्या बांधावरून, घोडागाडीच्या चाकोरीतून, ओढ्यातून आणि जमेल तिथे रेल्वेच्या पुलावरून जायचं. खुद्द गाडीचा कारखानदार अलेक्झांडर विंटन १९०१ मध्ये याच वाटेला निघाला होता आणि नेवाडाच्या वाळूत रुतून परत फिरला होता. म्हणून जॅक्सनने सरळ पूर्वेला न जाता उत्तरेकडून, ऑरेगन आणि आयडाहोमार्गे, मोठा वळसा घेतला. नकाशे जवळपास नव्हतेच. वाट विचारत विचारत जायचं. कॅलिफोर्नियात एका बाईने मोठ्या आत्मविश्वासाने वाट दाखवली. ५४ मैल गेल्यावर रस्ता एका घराच्या अंगणात संपला. बाईंच्या घरच्या माणसांनी कधी मोटार पाहिली नव्हती. त्यांना ती बघायला मिळावी म्हणून बाईंनी ती तिकडे धाडली होती. पुन्हा ५४ मैल मागे. आपल्याकडच्या एखाद्या वस्तीवर १९१५-२० च्या सुमारास मोटार आली असती, तर कुणी आत्याबाईंनी यापेक्षा वेगळं काही केलं असतं असं मला वाटत नाही.

पुढचं सगळं वर्णन देत बसत नाही, चित्रपट पाहावा. पण क्रॉकरकडे लक्ष ठेवून पाहावा. पेट्रोल संपलं तेव्हा भाड्याची सायकल घेऊन २५ मैलांवरच्या गावी कोण गेलं? क्रॉकर. त्यात सायकल पंक्चर झाली, तेव्हा पेट्रोलचे डबे घेऊन परत आलं कोण? क्रॉकरच. चाकाचं बेअरिंग गेलं, कारखाना हजारो मैल दूर, तेव्हा एका शेतकऱ्याची मनधरणी करून त्याच्या गवत कापायच्या यंत्राचं बेअरिंग काढून बसवलं, तेही त्यानेच. टायर संपले तेव्हा चाकांना दोर गुंडाळून गाडी चालवली गेली. चिखलात रुतली की पुढच्या झाडाला किंवा रोवलेल्या खुंटाला कप्पी बांधायची, दोर ओढायचा आणि गाडी इंच इंच वर काढायची. कधी गुराख्याने दोर टाकून घोड्याने ओढून काढली. वायोमिंगमध्ये वाट चुकून दोघं दीड दिवस उपाशी होते. एका धनगराने मेंढीचं मटण आणि मका खाऊ घातला तेव्हा कुठे जीवात जीव आला.

आयडाहोत जॅक्सनने १५ डॉलरला एक बुलडॉग विकत घेतला. त्याचं नाव बड. खाऱ्या धुळीने त्याचे डोळे चुरचुरायला लागले म्हणून त्यालाही मोटारवाल्यांचा चष्मा चढवला. मग काय, गावोगावच्या वर्तमानपत्रांत बडचा फोटो. आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ती विंटन गाडी उभी आहे. जॅक्सनने ती १९४४ मध्ये देऊन टाकली. तिच्याबरोबर पुतळे आहेत, पण पोरं बघतात ती चष्मेवाल्या कुत्र्याला.

२६ जुलैच्या पहाटे, ६३ दिवस साडेबारा तासांनी, गाडी न्यूयॉर्कला पोचली. खर्च सगळा मिळून सुमारे ८००० डॉलर. पैजेचे ५० डॉलर जॅक्सनने कधी वसूलच केले नाहीत. इतकं सगळं करून आपल्या गावी परतल्यावर, ताशी सहा मैलांपेक्षा जास्त वेगाने गाडी हाकल्याबद्दल त्याला दंड झाला. तो मात्र त्याला भरावा लागला.

आता हे प्रकरण बीडकडे वळवतो. कारण ६३ दिवसांच्या या प्रवासात गाडीपेक्षा मातीची गोष्ट मोठी आहे, आणि माती म्हटली की मराठवाड्याच्या माणसाला कुणी नव्याने काही सांगायला नको.

बीड जिल्ह्याचे जमिनीच्या हिशेबाने ढोबळ दोन भाग पडतात. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात, आष्टी, पाटोदा, धारूर या बाजूला, माती पातळ आणि खाली मुरूम. गोदावरीकडे उतरलं की गेवराई, माजलगावची गंगथडी लागते, तिथे काळी माती खोलच खोल. या काळ्या मातीत एक चिकण खनिज असतं, मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते. म्हणून उन्हाळ्यात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की तीच जमीन पाय धरून ठेवते. उलथन्याला पिठलं बसावं तशी ती चाकाला बसते. बैलगाडी उंच आणि अरुंद चाकावर असते, तिची लोखंडी धाव चिखल कापत खाली टणक थरापर्यंत जाते, आणि तिथून बैल ती ओढून काढतात. मोटारीचं रुंद रबरी चाक मातीच्या वरच गरगरा फिरत राहतं. जितका जोर द्यावा तितकं ते खाली खड्डा करतं. इंजिन कितीही ताकदीचं असो, चाकाखाली पकड नाही तर ती ताकद चिखल उडवण्यातच जाते. काळ्या रानात मोटार रुतली की बैलजोडीच बोलवावी लागते, मग गाव अमेरिकेतल्या नेब्रास्कातलं असो की माजलगावचं.

पक्का रस्ता करायचा तर काळी माती उकरून बाजूला काढायची, मुरूम टाकायचा, त्यावर दगडांचं सोलिंग, वर खडी, आणि दोन्ही बाजूंना पाणी निघून जाईल अशी चर. चर बुजली की रस्ता गेलाच म्हणून समजा. माती कडेने फुगायला लागते, मग रस्त्याच्या काठाला लांबच लांब भेग पडते आणि कडा खाली बसते. अशा भेगा गंगथडीच्या रस्त्यांवर आजही दिसतात. लोक कंत्राटदाराला शिव्या घालतात. त्यातल्या बऱ्याच वाजवी असतात, पण सगळ्या नाही.

खडीच्या रस्त्याची एक जुनी गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. डांबर येण्याआधीचा पक्का रस्ता म्हणजे खडी पसरायची, रोलर फिरवायचा, बारीक मुरूम टाकून पाणी मारायचं. खडीच्या फटींत मुरमाचा चुरा घट्ट बसला की रस्ता एकजीव होतो. बैलगाडीची लोखंडी धाव खडी भरडते. वाटतं, हे नुकसानच. पण त्यातून निघालेली भुकटी पुन्हा फटींत बसते, पाऊस पडला की ती घट्ट होते, त्यामुळे गाड्या फार नसतील तर असा रस्ता बरीच वर्षं तग धरतो. हवेच्या टायरवर धावणारी मोटार आली आणि हे गणित मोडलं. वेगाने फिरणारा रबरी टायर खडी भरडत नाही, उलट मागे वारा ओढत फटींतला चुरा उपसून काढतो. मोटारीच्या मागे उडणारा धुरळा म्हणजे रस्त्याचं सांधणारं सामानच उडून चाललेलं असतं. राहते ती सुटी खडी. बैलगाड्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेले रस्ते थोड्या मोटारींनी उखडले, ते असे. डांबर आलं ते मोटारवाल्यांना गुळगुळीत वाटावं म्हणून नव्हे, हा चुरा जागेवर धरून ठेवायला.

मग रस्त्यांचा खर्च कुणी करायचा? हा प्रश्न हिंदुस्थान सरकारने १९२७ मध्ये एका समितीपुढे ठेवला. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुण्यात शिकलेल्यांना जयकर म्हटलं की विद्यापीठाचं ग्रंथालय आठवतं, ते तिथले पहिले कुलगुरू म्हणून. देशातल्या रस्त्यांच्या अर्थकारणाचा पायाही याच मराठी माणसाच्या समितीने घातला, हे तिथे बसून अभ्यास करणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं कोण जाणे. समितीने सांगितलं की रस्त्यांचा भार एकट्या स्थानिक संस्थांना आणि प्रांतांना पेलणारा नाही. जो पेट्रोल जाळतो त्याच्याकडून गॅलनमागे दोन आणे जादा घ्या आणि तो पैसा रस्त्यांवरच खर्च करा. १९२९ पासून तसा मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली आणि १९४३ मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्राम रस्ते ही उतरंड नागपूर योजनेतली. आज मैलाच्या दगडावर पिवळा रंग दिसला तर राष्ट्रीय, हिरवा दिसला तर राज्य, असं आपण ओळखतो, त्याची मुळं तिथवर जातात.

अमेरिकेतही असंच झालं, म्हणजे गाडी आधी आणि रस्ता मागून. १९१९ मध्ये अमेरिकी सैन्याने वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला मोटारींचा एक मोठा ताफा पाठवला. जॅक्सनला जाऊन सोळा वर्षं उलटली होती, महायुद्ध होऊन गेलं होतं, तरी त्या ताफ्यालाही ६२ दिवस लागले. पूल मोडत, गाड्या रुतत. ताफ्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ मध्ये त्याने देशभरच्या महामार्गांच्या कायद्यावर सही केली. चिखलात घालवलेले ते दिवस त्याच्या चांगलेच लक्षात होते.

आपल्याकडे मोटारी येऊ लागल्या तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. आज अहिल्यानगरहून बीडला येताना एक जिल्हा संपून दुसरा लागतो, इतकंच. तेव्हा आष्टीच्या अलीकडे राज्य बदलत असे. करोडगिरीच्या नाक्यावर मालाची जकात, आणि खिशातले ब्रिटिशांचे कलदार रुपये बदलून निजामाचे हाली रुपये. भाषा तीच, जत्रा त्याच, सोयरिकीही इकडच्या तिकडे, पण मोटारवाल्याला मधे थांबून हिशेब द्यावा लागे. रेल्वे जिल्ह्यात आली ती परळीला, विकाराबादकडून. बीड शहर मात्र कोरडंच राहिलं. परळीहून बीडला यायचं तर घाट चढून-उतरून रस्त्यानेच.

निजाम सरकारने १९३२ मध्ये एक शहाणपणाचं काम केलं. रेल्वे खात्याचाच एक भाग म्हणून रस्ते वाहतूक विभाग काढला. सुरुवात २७ बसगाड्यांनी आणि १६६ नोकरांनी. रेल्वे आणि मोटार एकमेकांच्या उरावर बसण्याऐवजी एकाच घरच्या झाल्या. ब्रिटिश मुलखात त्याच काळात खासगी मोटारवाले आणि रेल्वे यांची गिऱ्हाइकांसाठी ओढाताण चालली होती. संस्थानी कारभाराबद्दल मराठवाड्याला कडू आठवणी पुष्कळ आहेत आणि त्या खऱ्या आहेत, पण एस.टी.च्या इतिहासात हा विभाग वडीलधाऱ्यांच्या रांगेत बसतो, हे मान्य करायला हरकत नसावी.

कारण मुंबई राज्याची पहिली एस.टी. निघाली ती सोळा वर्षांनी, १ जून १९४८ ला, अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्याला. लाकडी बॉडीची बस, आत काथ्याच्या गाद्या, जागा तीस. तिकीट अडीच रुपये. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. सकाळी आठला माळीवाड्यातून गाडी हलली. ती दिशा पश्चिमेची. पूर्वेला बीडच्या वाटेवर मात्र त्या दिवशी परकं राज्य होतं, आणि संस्थानातल्या रझाकारांच्या टोळ्यांचा धुमाकूळ चालू होता. सरहद्दीवरच्या गावांतली माणसं घरदार सोडून नगरकडे येत होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आलं, मग नाकेही यथावकाश उठले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा हैदराबादच्या ताफ्यातला मराठवाड्याचा हिस्साही आला, आणि १९६१ मध्ये तो महाराष्ट्राच्या एस.टी. महामंडळात मिसळला. बीड शहरातून प्रवासी रेल्वे सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे या शहरात जन्मलेल्या तीन-चार पिढ्यांनी शिक्षण, लग्न, दवाखाना, कोर्टकचेरी सगळं मोटारीवर केलं.

पहिल्या एस.टी.च्या गोष्टीत एक लक्षात घेण्यासारखं आहे. आपल्याला नावं ठाऊक आहेत ती चालकाची आणि वाहकाची. उतारू कोण होते, कुणी सांगत नाही. अमेरिकेत उलटं. चित्रपटाचं नावच ‘होरॅशिओज ड्राइव्ह’. जॅक्सनने चाक धरलं, हिंमत आणि पैसा त्याचा, हे खरंच. पण पाना क्रॉकरच्या हातात होता, आणि बऱ्याच वेळा चाकही. क्रॉकरची पत्रं नाहीत. पुढे त्याला जगभर मोटारीने फिरायचं होतं. ते जमलं नाही, आणि १९१३ मध्ये तो वारला, तिशीच्या आसपासच. जॅक्सन १९५५ पर्यंत जगला आणि आपली गोष्ट सांगत राहिला.

हे एकट्या क्रॉकरचं नाही. १९०७ च्या पेकिंग ते पॅरिस शर्यतीत प्रिन्स बोर्गेझे जिंकला म्हणून इतिहासात लिहिलंय. सोबत लुइजी बार्झिनी हा पत्रकार होता, त्याने ग्रंथ लिहिला. तिसरा माणूस एत्तोरे ग्विझार्दी, मेकॅनिक. गाडी बरीचशी त्याने चालवली आणि दुरुस्त तर सगळी त्यानेच केली. त्याचं नाव मोटारींचे शौकीन सोडले तर कुणाला माहीत नाही. १९०९ मध्ये ॲलिस रॅम्झी ही बावीस वर्षांची बाई दोन नणंदा आणि एका मैत्रिणीला घेऊन न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला गेली. इतर तिघींना गाडी चालवता येत नव्हती. टायर बदलणं, प्लग साफ करणं, सगळं तिचं तिने केलं, आणि १९६१ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. म्हणून ती उरली. जर्मनीची क्लेरेनोर स्टिनेस १९२७ ते १९२९ अशी मोटारीने जग फिरली. तिने तर कार्ल-ॲक्सेल सोडरस्ट्रोम हा स्वीडिश छायाचित्रकारच बरोबर घेतला. मेकॅनिक दोघं अर्ध्या वाटेत निघून गेले, छायाचित्रकार टिकला, १९३१ मध्ये चित्रपट आला आणि त्याआधीच दोघांनी लग्नही केलं.

ज्याच्या हाती लेखणी किंवा कॅमेरा, प्रवास त्याच्या नावावर जमा होतो. माहितीपट पाहताना हे ध्यानात ठेवलं की चित्रपट कमी आवडतो असं नाही, उलट अधिक बारकाईने पाहिला जातो. बर्न्सनेही क्रॉकरला डावललेलं नाही, जेवढं हाती होतं तेवढं दाखवलं आहे. हाती मुळात जॅक्सनचीच बाजू होती.

बीड जिल्ह्यातला सगळ्यात मोठा मोटारप्रवास आजही दरवर्षी होतो आणि त्याचं दप्तर क्रॉकरच्या दप्तराहूनही तोकडं आहे. दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी, गेवराईकडून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, काही कर्नाटकात. वाट तीन-चारशे किलोमीटरची. कुणी ट्रकमध्ये, कुणी ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांत. एका ट्रॉलीत काय काय असतं ते जवळ जाऊन बघावं. तळाला ज्वारी-बाजरीची पोती, त्यावर सरपणाचा भारा, भांड्यांची पाटी, पाण्याचा ड्रम, कोपीसाठी, म्हणजे राहायच्या झोपडीसाठी, बांबू आणि ताडपत्री, वर उलटी टाकलेली बाज. बाजेच्या पायाला करडू बांधलेलं, कोंबड्या टोपल्याखाली. त्या सगळ्यावर माणसं, म्हाताऱ्याकोताऱ्या, शाळेतून नाव न काढता आणलेली पोरं. कोयते गोणपाटात गुंडाळून हाताशी. टायरगाडीवाल्यांचे बैलही ट्रकमध्ये चढवून न्यावे लागतात, फळीवरून बिचकणारे. घाटात ट्रॅक्टर पहिल्या गियरमध्ये चढतो, मागच्या ट्रॉलीला एखादा माणूस दगड घेऊन तयार, थांबलाच तर चाकाखाली सारायला.

या प्रवासाची जी नोंद होते ती मुकादमाच्या वहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यांची उचल किती, मागची बाकी किती. कुठून निघाले, कुठे थांबले, घाटात काय झालं, हे वहीत नसतं. तो हिशेबाचा भागच नाही.

बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या एखाद्या पोराला माहितीपट करायचा असेल तर विषय शोधत मुंबईला जायची गरज नाही. यंदा दसऱ्यानंतर एका टोळीबरोबर ट्रॉलीत बसावं, आधी त्यांना विचारून आणि त्यांच्या अटी ऐकून. कॅमेरा मोबाइलचा चालेल, बॅटरीची सोय दांडगी हवी. ड्रायव्हरला विचारावं की तो पहिल्यांदा कुणाकडून शिकला, रुतली तर काय करतो, रात्री झोप आली तर कुठे थांबतो. बायांना विचारावं की बाळाला झोप लागावी म्हणून ट्रॉलीत कुठली जागा धरतात, आणि वाटेत उतरायचं कधी, कुणाला सांगून. म्हाताऱ्यांना विचारावं की ते पहिल्यांदा गेले तेव्हा बैलगाडीने गेले की ट्रकने, किती मुक्काम पडले, भाकरी कुठे भाजली. गावांची नावं त्यांना रस्त्याच्या क्रमाने पाठ असतात. ती त्यांच्याच तोंडून, न थांबवता, पूर्ण रेकॉर्ड करावीत. संकलनात काय कापायचं ते नंतर ठरवता येतं. आणि श्रेयनामावलीत सगळ्यांची पूर्ण नावं द्यावीत, ज्यांची तशी इच्छा असेल त्यांची, दगड घेऊन ट्रॉलीमागे चाललेल्या माणसासकट.